एक माणूस, पन्नास तोंडं

मोबाइल प्रॉक्सी. दोन वर्षांपूर्वी हा शब्द कानावर पडला असता तर मी म्हटलं असतं, म्हणजे आता मोबाइलवरून हजेरी लावतात की काय? आम्हा शाळा-कॉलेजवाल्यांना प्रॉक्सी म्हणजे एकच. मित्र वर्गात नसताना त्याच्या नंबराला आपण "हजर" म्हणून ओरडायचं. या नव्या प्रॉक्सीबद्दल बरंच वाचून झाल्यावर वाटतं, अर्थ फारसा बदललेला नाही. तेव्हा एक मुलगा एका मुलाची प्रॉक्सी लावायचा. आता एकटा माणूस सगळ्या वर्गाची लावतो, आणि वर्ग रिकामा असतो!

हा शब्द आमच्या घरात आला तो माझ्या धाकट्या दिरांच्या मुलामुळे. (त्याला विचारूनच लिहिते आहे, नातेवाईक मंडळींनी फोन करू नयेत.) तो इथे अँटॉप हिललाच राहतो आणि आसपासच्या छोट्या धंदेवाल्यांची सोशल मीडियाची खाती सांभाळतो. सीजीएस कॉलनीच्या बाजूचा एक क्लास, एक दातांचे डॉक्टर, इडली-डोशाचं पीठ विकणाऱ्या एक बाई, कोळीवाड्याकडचा एक केटरर, एक गणेशोत्सव मंडळ, अशी अकरा गिऱ्हाइकं. फोटो काढायचे, मजकूर लिहायचा, वेळेवर टाकायचा, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात. काम कष्टाचं आहे आणि त्यावर त्याचं घर चालतं.

अडचण अशी झाली, की घरातल्या एकाच वायफायवरून अकरा खाती उघडझाक करताना ती मधूनच अडकायला लागली. तुम्हीच का, कोड टाका, पुन्हा ओळख पटवा. एक खातं तर ऐन दिवाळीच्या तोंडावर चार दिवस बंद राहिलं. मग कुणीतरी त्याला सल्ला दिला, मोबाइल प्रॉक्सी घे. प्रत्येक खात्याला वेगळा पत्ता मिळेल, कुणाला पत्ता लागणार नाही. आणि त्याच माणसाने पुढची पायरीही दाखवली. मग अकराच कशाला, पन्नास खाती काढ! गिऱ्हाइकाच्या फोटोखाली "मस्त", "आम्ही नेहमी इथेच जातो" असं लिहायला घरचीच माणसं. त्याचे वेगळे पैसे घे.

घरात आठ-दहा दिवस खल चालला होता, कुठल्या कंपनीची घ्यावी, महिन्याला किती पडतील. माझं मत असं, की कुठली घ्यावी हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, कुणापासून काय लपवायचं आहे? त्याचं उत्तर सरळ असेल तर बहुतेक वेळा ही वस्तू लागतच नाही. आणि उत्तर वाकडं असेल तर स्वस्त काय आणि महाग काय, ती घेऊ नये.

आधी ही वस्तू आहे काय ते सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला एक पत्ता लागतो. आयपी ॲड्रेस म्हणतात तो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सगळ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते वाटणाऱ्या मध्यवर्ती संस्थेकडचा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि आपल्या आशियाच्या वाट्याचा त्याच वर्षी एप्रिलमध्ये तळाला गेला. आपल्याकडे मोबाइलवरचं इंटरनेट घरोघर पोचलं ते २०१६ नंतर. म्हणजे पंगत बसायच्या आधीच पानं संपलेली! नव्या पद्धतीचे लांबलचक आणि भरपूर पत्ते आले आहेत खरे, पण जुने अजून चालूच आहेत. मोबाइल कंपन्यांनी या टंचाईवर जो उपाय केला तो आपल्या लालबाग-गिरगावच्या चाळीसारखा आहे. ऐंशी बिऱ्हाडं, पण पाकिटावर नाव एकाच चाळीचं. आतली खोली कुठली हे पोस्टमनला ठाऊक, बाहेरच्याला नाही. तसेच शेकडो मोबाइलवाले बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरचे दिसतात.

आता समजा, कोपऱ्यावरच्या वाण्याची चाळीतल्या कुणीतरी उधारी बुडवली. कुठल्या खोलीतला ते त्याला कळत नाही. मग तो काय करणार? सगळ्या चाळीला उधार बंद केलं तर ऐंशी गिऱ्हाइकं जातील. म्हणून तो गप्प बसतो. सोशल मीडियावाल्या कंपन्यांचं तेच होतं. मोबाइलच्या पत्त्यावरून काही वेडंवाकडं दिसलं तरी तो पत्ता सरसकट बंद करायला त्या कचरतात, कारण त्यामागे शेकडो साधी माणसं असतात.

मोबाइल प्रॉक्सी म्हणजे या चाळीतली भाड्याची खोली. कुठेतरी सिमकार्ड घातलेला मोडेम किंवा फोन असतो. आपली माहिती आधी तिथे जाते आणि तिथून मोबाइल कंपनीच्या पत्त्यावरून जगात बाहेर पडते. फोनवरचं विमानाचं चिन्ह दाबून चालू-बंद केलं की पुष्कळदा नवा पत्ता मिळतो. हे लोक तेच यंत्राकडून ठरावीक मिनिटांनी करवून घेतात. म्हणजे दर थोड्या वेळाने माणूस खोली बदलतो.

आणि या मालाची किंमत कशाची आहे, हे लक्षात घ्या. साध्या सर्व्हरची प्रॉक्सी स्वस्त मिळते आणि मोबाइलची महाग, ते मोडेममुळे नव्हे. ती किंमत चाळीतल्या बाकीच्या सरळ बिऱ्हाडांची आहे. वाणी गप्प बसतो तो त्यांच्याकडे बघून. त्यांची पत परस्पर विकली जाते, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. त्या बिऱ्हाडांत तुम्ही आहात, मी आहे, डोशाच्या पिठाच्या बाई आहेत.

या खोल्या येतात कुठून? काही जण स्वतःची सिमकार्डं घेऊन मोडेमची रांग लावतात. काही जण मात्र दुसऱ्याचाच फोन वापरतात, आणि हे फार जणांना माहीत नसतं. फुकट मिळणारं एखादं ॲप आपण घेतो, अटींच्या लांब मजकुराखाली "मान्य" दाबतो, आणि आपल्या जोडणीवरून परक्याची ये-जा सुरू होते. २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट व्हीपीएनबद्दल असंच उघड झालं होतं. वापरणाऱ्यांच्या जोडण्या दुसऱ्या नावाने विकल्या जात होत्या. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने "९११ एस५" नावाचं जाळं मोडून काढलं. त्यातही फुकट व्हीपीएनचीच आमिषं होती. जवळजवळ दोनशे देशांतले एक कोटी नव्वद लाखांहून अधिक आयपी पत्ते त्यात गुंतले होते. ही मुख्यतः घरोघरच्या संगणकांची प्रॉक्सी होती, पण जात तीच. ज्यांच्या घरातून चोरांची वाट गेली त्यांना पत्ताही नव्हता.

आता कुणी म्हणेल, बाई, एका माणसाने चार नावं घेतली तर बिघडलं कुठे? काही बिघडलं नाही. राम गणेश गडकरी कविता "गोविंदाग्रज" म्हणून लिहीत आणि विनोद "बाळकराम" म्हणून. अत्रे विडंबनासाठी "केशवकुमार" झाले. आपल्या ब्लॉगर मंडळींतही कितीतरी जण टोपणनावाने लिहितात, आणि काहींना तर ते आवश्यकच असतं. नोकरी, घर, जात, गाव, कशाकशाचा विचार करून माणूस नाव झाकतो. बहुरूपीसुद्धा पोलिसाचा वेश करून दारात येतो, आणि आपण हसून त्याच्या हातावर पैसे ठेवतो. सोंग आहे हे दोघांनाही ठाऊक असतं.

पण गडकऱ्यांनी आपल्या कवितेला वन्स मोअर द्यायला पन्नास खोटे रसिक उभे केले नाहीत. मराठी संकेतस्थळांवर जुन्या मंडळींना "डुआयडी" हा शब्द आठवत असेल. एका आयडीने लेख टाकायचा आणि दुसऱ्या आयडीने खाली "वा, काय लिहिलंय!" म्हणायचं. आपण तेव्हा हसायचो, कारण डुआयडी दोन-चार असायचे आणि भाषेवरून पकडले जायचे. माझ्या मते रेघ इथे आहे. एक तोंड झाकणं वेगळं आणि पन्नास तोंडं लावून गर्दी असल्याचं भासवणं वेगळं. पहिल्यात माणूस स्वतःला वाचवतो. दुसऱ्यात दुसऱ्याला फसवतो, कारण वाचणारा त्या गर्दीवर विसंबून काहीतरी ठरवत असतो. या डॉक्टरांकडे जावं का, या क्लासला मुलीला घालावं का, या माणसाला मत द्यावं का.

हे काही लांबचं नाही. जुलै २०२० मध्ये गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाने कुणीतरी बनावट इन्स्टाग्राम खातं उघडलं. त्यांच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांनी तपास केला, तेव्हा खोटे फॉलोअर विकण्याचा धंदाच बाहेर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने सांगितलं, की सुशांतसिंह राजपूत प्रकरणात पोलिसांची बदनामी करण्यासाठी ऐंशी हजारांवर बनावट खाती वापरली गेली. त्याआधी १ एप्रिल २०१९ रोजी, लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, फेसबुकने काँग्रेसच्या आयटी सेलशी संबंधित व्यक्तींची ६८७ पानं आणि खाती काढली. त्याच दिवशी अहमदाबादच्या सिल्व्हर टच या कंपनीशी जोडलेली १५ काढली, ती दुसऱ्या बाजूचा प्रचार करणारी होती. तेव्हा कुठल्या पक्षाने कुणाकडे बोट दाखवू नये.

आणि यामागची यंत्रसामग्री कशी असते? जून २०१७ मध्ये थायलंडच्या पोलिसांनी कंबोडियाच्या सीमेजवळ एका भाड्याच्या घरावर छापा घातला. फळ्यांवर ओळीने मांडलेले पावणेपाचशेच्या आसपास फोन आणि जवळजवळ साडेतीन लाख सिमकार्डं सापडली. चालवणारी माणसं तीन! तीन माणसांची केवढी मोठी सभा.

पूर्वी पुढाऱ्यांच्या सभेला ट्रक भरभरून माणसं आणायचे. भाड्याची का होईना, ती माणसं होती. उन्हात बसायची, वडापाव खायची, कंटाळली की उठून जायची, आणि भाषण आवडलं नाही तर मत दुसऱ्यालाच द्यायची. या नव्या गर्दीला तेवढीही स्वतंत्र बुद्धी नाही.

नुकसान कुणाचं होतं तेही बघू. एक तर चाळीतल्या शेजाऱ्यांचं. त्याच पत्त्यावरून शेकडो खोटे उद्योग व्हायला लागले, की कंपन्या त्या पत्त्यावरच्या सगळ्यांकडे संशयाने बघतात. मग बस आणि सिग्नलची चित्रं ओळखत बसायची पाळी येते ती आपल्यावर.

दुसरं नुकसान जास्त गंभीर आहे. सिमकार्ड कुणाच्या तरी नावावर असतं. आपल्याकडे एका माणसाच्या नावावर साधारण नऊच जोडण्या घेता येतात. मग ढिगाने सिम लागली तर ती येणार कुठून? फुटपाथवर छत्री लावून "फुकट सिम" देणारे आठवतात ना? आधारची झेरॉक्स द्यायची, दोनदा अंगठा लावायचा. एक सिम आपल्या हातात येतं, दुसरं कुठे जातं ते कळत नाही. मे २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी अशा प्रकरणात गुन्हे दाखल करून अटका केल्या. दूरसंचार विभागाने संगणकाकडून चेहरे जुळवून पाहिले तेव्हा एकाच माणसाच्या फोटोवर, वेगवेगळ्या नावांनी, शेकडो सिमकार्डं निघालेली दिसली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने सांगितलं, की ५२ लाख जोडण्या बंद केल्या आणि ६७ हजार विक्रेते काळ्या यादीत टाकले.

मोबाइल कंपनीला कुठल्या वेळी कुठला पत्ता कुणाकडे होता याची नोंद किमान दोन वर्षं ठेवावी लागते, डिसेंबर २०२१ पासून तसा नियम आहे. त्यामुळे प्रॉक्सीच्या आडून कुणी फसवाफसवी केली, तर पोलिस त्या नोंदीवरून आधी पोचणार ते सिमवाल्याच्या दारात. प्रॉक्सी भाड्याने घेणारा मागेच राहतो. संगमनगरच्या गल्लीतल्या एखाद्या रोजंदारीवरच्या माणसाला पोलिसांपुढे "साहेब, मी काही केलं नाही" हे पटवून देताना किती दिवस मोडतील, आणि किती रोज बुडेल, याचा हिशेब प्रॉक्सीच्या दरपत्रकात नसतो.

आमचा पुतण्या हे सगळं ऐकून म्हणाला, "काकी, तुमचं पटतं. पण मला पन्नास खाती नकोतच. माझी अकरा खरी गिऱ्हाइकं आहेत, तीच अडकतात, त्याचं काय?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही दोघांनी बसून नियम वाचले. (शुद्धलेखन तपासायची सवय असलेल्या माणसाला अटी वाचायचा कंटाळा येत नाही.) फेसबुकवर धंद्याच्या पेजचा मालक स्वतःच्या खात्यातून दुसऱ्याला त्या पेजवर काम करायचा अधिकार देऊ शकतो. पासवर्ड द्यावा लागत नाही, आणि काम सुटलं की अधिकार काढून घेता येतो. इन्स्टाग्रामवर फेब्रुवारी २०१६ पासून एकाच फोनवर पाच खाती आलटूनपालटून वापरायची सोय आहे. सप्टेंबर २०२३ पासून फेसबुकवर एकाच माणसाला मूळ खात्याखाली आणखी चार प्रोफाइल काढता येतात. थोडक्यात, एका माणसाने अनेकांचं काम बघणं हे या कंपन्यांना मान्यच आहे. त्यांना संशय येतो तो एकच माणूस अकरा वेगवेगळे मालक असल्यासारखा, अकरा पासवर्डांनी आत शिरतो तेव्हा.

आणि नुसता पत्ता बदलून काही होत नाही, हेही मला माझ्या अनुभवावरून सहज पटलं. तीस वह्यांत निबंधाचं अक्षर वेगवेगळं असलं, तरी सगळ्यांनी "आशीर्वाद" एकाच पद्धतीने चुकवला असेल तर कॉपी कुठून झाली ते मास्तरला कळतं. तसंच तिथेही नुसता पत्ता बघत नाहीत. फोन कुठला, पडदा केवढा, खाती एकामागोमाग किती मिनिटांनी उघडतात, वाक्यं सारखी आहेत का, हे सगळं बघतात. प्रॉक्सीने अक्षर बदलतं, चूक तीच राहते.

मग प्रॉक्सीचा सरळ उपयोग काहीच नाही का? आहे. आपली जाहिरात नागपूरच्या किंवा बेळगावच्या माणसाला कशी दिसते हे मुंबईत बसून बघायचं असेल, आपलं ॲप वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांवर चालतं का ते तपासायचं असेल, तर ती लागते. अशा कामासाठी कुणाला घ्यायचीच असेल, तर दर विचारायच्या आधी चार गोष्टी विचाराव्यात. सिमकार्डं कुणाच्या नावावर आहेत? फोन दुसऱ्यांचे असतील तर त्यांना सांगितलेलं आहे का, आणि मोबदला मिळतो का? गिऱ्हाइकाची म्हणजे आपली ओळख ते तपासतात का? आणि नोंदी ठेवतात का? "आम्ही काहीही विचारत नाही, काहीही ठेवत नाही" असं अभिमानाने सांगणारा विक्रेता आपल्यासारखाच चोरालाही विचारत नाही, आणि त्याच खोलीत आपल्या शेजारी चोर झोपलेला असतो. त्याने काल केलेल्या उद्योगांची बदनामी आज त्याच पत्त्याबरोबर आपल्याकडे येते.

एवढं सगळं बोलून झाल्यावर एक गोष्ट उरतेच, आणि ती मला टाळायची नाही. त्याच्या अकरा गिऱ्हाइकांपैकी केटरर सोडून गेला. दुसऱ्या कुणीतरी त्याला महिन्यात पाच हजार फॉलोअर देतो म्हणून सांगितलं, आणि दिलेही. पुतण्याने दोन वर्षं राबून नऊशे जमवले होते. सरळ वागलं की शेवटी भलं होतं, असं मी वर्गात सांगत असे. मोठ्या माणसाला, ज्याला घराचा हप्ता भरायचा आहे, त्याला मी ते तसंच्या तसं सांगू शकत नाही. कदाचित आणखी एखादं गिऱ्हाईक जाईल.

पण त्याला मी एक विचारलं. त्या पाच हजारांपैकी किती जण लग्नाच्या जेवणाची ऑर्डर देणार आहेत? नऊशेंत निदान वडाळ्याची, सायनची, प्रतीक्षानगरची घरं आहेत, ज्यांच्याकडे मुंजी आणि बारशी होतात. खोटी माणसं जेवत नाहीत, आणि बिल भरत नाहीत. हे केटररला आज समजलं नाही तर सीझन संपल्यावर समजेल, किंवा कधीच समजणार नाही. पण ते त्याला समजावून सांगणं, आकडे कमी असले तरी खरे कसे आहेत ते महिन्याच्या महिन्याला दाखवणं, हाच पुतण्याच्या धंद्याचा भाग असायला हवा. दूधवाल्याने पाणी घातलं की दूध जास्त दिसतं. सरळ दूधवाला तेवढं दूध दाखवू शकत नाही, साय दाखवू शकतो.

पुतण्याने प्रॉक्सी घेतली नाही. दहाही गिऱ्हाइकांकडे जाऊन त्यांच्याकडून रीतसर अधिकार मागून घेतले. दातांच्या डॉक्टरांना स्वतःच्याच पेजचा पासवर्ड आठवत नव्हता, त्यात एक अख्खा रविवार गेला! खाती आता कमी अडकतात. अजिबात अडकत नाहीत असं मात्र नाही.

नातेवाईक मंडळींना एक काम सांगते. दूरसंचार विभागाचं "संचार साथी" नावाचं संकेतस्थळ मे २०२३ पासून आहे. तिथे आपला नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं. आपली नसलेली एखादी दिसली तर तिथेच कळवता येतं. आज पाच मिनिटं काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आणि कामाला येणाऱ्या मावशींचंही बघून द्या, त्यांच्या आधारच्या झेरॉक्सा जास्त ठिकाणी गेलेल्या असतात. आणि फोनमध्ये कुठलं फुकटचं व्हीपीएन बसलं असेल तर ते काढून टाका.

ब्लॉगर मित्रमैत्रिणींना तुमचं मत विचारते. छोट्या धंदेवाल्याने या खोट्या गर्दीपुढे टिकायचं कसं, यावर तुमच्याकडे काही अनुभव असेल तर जरूर लिहा, पुतण्याला वाचून दाखवीन. टोपणनावाने लिहिलंत तरी चालेल. फक्त एकाच नावाने लिहा!